उतार

कसब्यात झाकण उचललं की अजून दिसतात
त्याच्या विटा. अंड्याच्या आकाराची मोरी, तळाशी निमुळती,
पाणी कमी असलं तरी मैला थांबायचा नाही.

हरबाजी खळदकर, ओव्हरसियर, पगार साठ रुपये.
खिशात कायम एक काचेची गोटी.
मोरी बांधून झाली की हा गुडघ्यांवर,
गोटी सोडायचा, कान लावायचा.
अडली, तर गवंड्याला एकच शब्द: उकर.

पंगतीत त्याचं पान जरा लांब मांडत.
आत उतरणाऱ्याला तर पंगतच नव्हती,
त्याचं नाव हजेरीपटातही नाही.

पटकीच्या साली नागझरीकाठची अकरा घरं मिटली.
बारावं त्याचं. गोटी चिमीची होती,
हे पणतीनं सांगितलं. लेव्हल-बुकात नुसते आकडे,
आणि एका पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं:
दीडशेला एक. पुरे.

मी ड्रेनेज खात्यातला ज्युनियर.
काल तिथे कॅमेरा सोडला, तो नव्या पाइपातच रुतला:
केस, पिशव्या, कुणाच्या तरी बांधकामाचं सिमेंट.
पुढे जुनी मोरी, वाहती.

वर कुणीतरी साखळी ओढली.
मी गुडघ्यांवर बसलो.
खालून काहीतरी घरंगळत गेलं,
अडलं नाही.