दहा टक्के

रात्री साडेबारा. खुर्च्या टेबलांवर उलट्या,
मेलेल्या खेकड्यांसारखे पाय वर करून.
खाली वाल्पाराइसोच्या बंदरात एक क्रेन अजून जागी.
मी एप्रन सोडते, हात पुसते,
बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडते.

हा डबा आधी आबेलकडे असायचा.
आबेलने नवे बूट घेतले.
चोरी सिद्ध झाली नाही, बूट मात्र सगळ्यांनी पाहिले.
मग म्हणाले, ओन्दिनाकडे द्या,
तिला ना नवरा, ना शौक.
विश्वास असा येतो आपल्या वाट्याला.

बिलाच्या तळाशी दहा टक्के. दिले तर दिले.
कायदा सांगतो, मालकाने त्यांना हात लावू नये.
डॉन एवारिस्तो लावत नाहीत.
फुटलेले ग्लास तेवढे लिहून ठेवतात
एका वेगळ्या वहीत, सुंदर अक्षरात,
आणि वही ठेवतात डब्याला खेटून.
बोलत काही नाहीत.

आमचे गुण असे: वाढणाऱ्याला दहा.
रोमिल्दाला सहा, जिच्या कोंग्रिओच्या रश्श्यासाठी
माणसं धापा टाकत टेकडी चढतात.
मोरीपाशी हैतीचा विल्नेर, त्याला तीन.
मॅनेजर ओस्वाल्दोला एकही नाही, म्हणून तो शनिवारी
दोन ताटल्या उचलतो, सगळ्यांदेखत,
आणि रविवारी माझ्याकडे बघून खोकतो.

तीन कुणी ठरवले?
मी आले तेव्हा ते होतेच,
भिंतीतल्या ओलीसारखे.

मालकाबद्दल वाईट बोलायला मला आवडतं.
पण त्या जुलैत, वादळाने बंदर अकरा दिवस बंद,
मासळी नाही, माणूस नाही,
तेव्हा त्यांनी गाडी विकली
आणि पगाराची पाकिटं ठरल्या तारखेला दिली.
उन्हाळ्यात दुसरी घेतली, हेही खरं. मोठी.
तोटा एकट्याने सोसला, तर नफाही एकट्याचा:
हिशेब चोख आहे, मला त्यात चूक सापडत नाही.
झोपही लागत नाही.

गेल्या शनिवारी विल्नेर आला नाही. ताप.
नऊ वाजता ताटल्या संपल्या.
रोमिल्दाने रस्सा चहाच्या कपांत ओतला, शिव्यांसकट.
नेल्ली कोपरापर्यंत साबणात,
तिची चारही टेबलं पोरकी.
सहा नंबरवरचे वकील उठून गेले,
रुमाल ताटात टाकून, दहा टक्के खिशात ठेवून.
ओस्वाल्दो त्या रात्री खोकला नाही.
डबा उचलतानाच कळलं, हलका आहे.
त्या तिनावर आमचे सगळे दहा उभे होते
हे कागदावर मांडायला मला दोन ओळी लागल्या.

आज मत घेतलं.
रोमिल्दा म्हणाली, पाच करा.
आबेल म्हणाला, गिऱ्हाइकाशी हसतं कोण?
पैसे हसण्याचे असतात, फेसाचे नाही.
बरीच घासाघीस झाली,
त्यात घासणारा तेवढा नव्हता.
चार ठरले.
माझा हात वर होता. उशिरा, पण होता.
एक गुण दिला आणि तासभर आम्ही फार उदार होतो,
आबेलने स्वतःच्या पैशांची बाटली उघडली.

विल्नेरला सांगायला मी गेले.
त्याने नळ बंद केला, नीट ऐकून घेतलं.
"आणि आधीचा?"
आधीचा कुठला?
"हा चौथा. चार वर्षं तो कुणाकडे होता?"
त्याच्या आवाजात राग नव्हता.
एखादा चमचा हरवल्यावर विचारावं, तसं विचारलं.
मी ग्लासांच्या वहीची पानं चाळत राहिले,
जणू उत्तर तिथे असेल, सुंदर अक्षरात.

आता पाकिटं भरून झालीत.
सत्तर पेसो उरले आहेत, नऊ जणांत जात नाहीत.
दर रविवारी असं काहीतरी उरतंच.
ते मी कुठे ठेवते,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.