दोनातो

गुरुवार. पुण्यात पाणी बंद.
बादल्या भरून मी नुकतीच टेकले होते
तेवढ्यात बेल वाजली, आणि दारात
अगदी दत्त म्हणून उभा तो:
कुरळे केस, रंग आपल्याकडचा,
बूट काढायचे की नाही या पेचात.
"सिन्योरा निर्गुडकर?"
हातातल्या पिशवीत जुना स्टॅम्प पेपर,
त्यावर भाषांतरकार म्हणून माझी सही.
शाई उडालेली, उकार तेवढा शाबूत.

सत्तावीस वर्षांपूर्वी
शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात
टायपिस्टच्या टेबलाचा एक कोपरा मागून घेऊन
पानाला चाळीस रुपये दराने
मी त्याचे आईबाप मराठीत आणले होते:
बापाचा पगार, घराचे चौरस मीटर,
ऑलिव्हची एकोणीस झाडं,
आईचा रक्तदाब.
शेवटचा रकाना, मुलाचे नवे नाव.
(संस्थेत त्याला पराग म्हणत.)
"दोनातो," मी सांगितलं.
देवळेकरांची बोटं थांबली.
"दोन का तो? मॅडम, मूल एकच ना?"

रात्री कोश उघडला.
लॅटिन दोनातुस, म्हणजे दिलेला.
धातू दा.
मी एकटीच हसले.
आपलाच की हा! दान, दाता, देणं,
दत्त. दत्तक.
इटलीचा तो बूट, त्याच्या टाचेपाशी कुठल्याशा गावात
आपला धातू दर दोन घरांआड
गंजत पडलेला, आणि कोणाला पत्ता नाही.
सकाळी देवळेकरांना म्हटलं, लिहा हो, दत्ताच आहे.
ते आधी चप्पल काढून बसले, मग टाइप केलं.

चहा घेता घेता तो सांगतो,
तिकडे हे नाव आता कोणी ठेवत नाही.
आजोबांचं नाव नातवाला, ही जुनी रीत,
बाबांनी हट्टाने पाळली.
वर्गात चार आंद्रेआ, पाच मात्तेओ,
हल्ली तर जो तो लिओनार्दो.
दोनातो मी एकटा.
हजेरी घेताना मास्तर दोनदा वर बघायचे:
नाव म्हातारं, चेहरा लांबचा.
एक पोरगा म्हणाला होता, हे तर
दफनभूमीतल्या दगडावरचं नाव.

इथेही तेच रे, मी म्हटलं.
आमच्या सोसायटीत एक्केचाळीस मुलं,
अद्विक नाहीतर रेयांश.
शेवटचा दत्ता इस्त्रीवाला. तो गावी गेला
आणि त्याचा मुलगा कार्डावर नुसता डी. छापतो.

तो हसला. मग कप खाली ठेवला.
"दिलेला. बरं.
कोणी?"

तीस वर्षं व्याकरण शिकवलंय मी.
कर्मणी कृदंत: क्रिया होऊन गेलेली असते,
जिच्यावर झाली ती व्यक्ती समोर बसलेली असते,
कर्ता सांगितलाच पाहिजे असं नाही.
लॅटिनमध्ये चालतं, संस्कृतमध्ये चालतं,
कोर्टातही चाललं.
संस्थेच्या फाइलमध्ये आईच्या नावापुढे
एक आडवी रेघ होती.
ती मी जशीच्या तशी इटालियनमध्ये उतरवली.
रेघेचे पैसे लावले नाहीत,
एवढंच काय ते माझं पुण्य.

हे त्याला सांगितलं की नाही, आठवत नाही.
बहुतेक बिस्किटांचा डबा पुढे केला.

निघताना त्याला हात धुवायचे होते.
नळ कोरडा. मी बादलीत तांब्या बुडवला.
मोरीपाशी त्याने दोन्ही हात जोडून पुढे धरले,
मी वरून धार सोडली,
आणि मध्येच माझा हात थबकला:
दान देताना असंच पाणी सोडतात.
तो वाट बघत उभा. ओंजळ अर्धी भरलेली,
बोटांच्या फटींतून गळणारी.

"पाणी केव्हा येतं?" त्याने विचारलं.
उद्या, मी म्हटलं.
उशिरा.
आणि कमी दाबाने.