सहभागी क्रमांक सात

नंदुरबारच्या पथारीवर पोचले तेव्हा दहा वाजले होते
आणि जमीन दिसेल तिथवर लाल.
बायका ओळीनं देठ खुडत बसलेल्या,
नाकातोंडावर पदर घट्ट,
आणि मी, पाठीवर लॅपटॉप, हातात स्टॉपवॉच,
आल्या आल्या सात वेळा शिंकले.
कुणीतरी म्हणालं, "मॅडमले पानी द्या."

संमतीपत्र तीन भाषांत छापून आणलं होतं.
इथं एका रांगेत पाच चालू होत्या:
अहिराणी, पावरी, गुजरी, मुकादमाची हिंदी,
आणि हिशेबापुरती गुजराती, तीही व्यापारी आला तरच.

सहभागी क्रमांक सात. आधार कार्डावर विमल.
"इमल," ती म्हणाली, "व कोन बोलस आठे?"
मी विमल लिहिलं.
तिथूनच सुरुवात झाली असावी.

माझ्या कागदावर तिच्यासाठी एक काम होतं:
समजा, तुम्हाला रेशन दुकानाची वेळ शोधायची आहे.
तिला ती वेळ पाठ होती.
म्हणाली, दुसरं विचारू का,
आणि फोनशी तोंड नेऊन,
बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं:
"मन्ही आंडेरना हातस्नी गंज आग व्हस,
रातले झोप नही. काय लावू?"

यंत्रानं तीन ठिपके हलवले.
मग आंडेर म्हणजे अंडी समजून
शेकड्याचा आजचा भाव सांगितला,
आणि आगीसाठी अग्निशमन दल,
अंतर दीड किलोमीटर, आत्ता सुरू.

हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं.
रेशमी पावराला अहिराणी अर्धीच कळते,
तीही हसली,
मग भाकरीच्या फडक्यातून तेलाची बाटली काढून
इमलबाईसमोर ठेवली
आणि पुन्हा देठ खुडायला लागली.

स्टॉपवॉच चालू होतं.
इमलबाई सरळ बसली. पदर सारखा केला.
सिव्हिलच्या खिडकीपाशी काढतात तो आवाज काढला:
"माझ्या मुलीचे हात मिरचीने जळजळतात. उपाय सांगा."
आंडेर गेली, मुलगी आली.
आग गेली, जळजळ आली.
रात्र आणि झोप कुठे गेली, कुणी विचारलं नाही.
यंत्र लगेच बोललं: तेल चोळा, मग साबण,
दही लावा, डोळ्यांना हात लावू नका.
तिनं बाटलीकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही.

तीन मिनिटं अकरा सेकंद.
काम पूर्ण झालं का? होय.
मदत लागली का? नाही.
समाधान, एक ते पाच?
"कोनं?" तिनं विचारलं. "त्यानं का मन्हं?"
मी चार लिहिलं.

संध्याकाळी सरांचा फोन. पहिला प्रयत्न काढून टाक,
अकरा शब्दांतले सात ओळखलेच नाहीत,
गोंगाट आहे तो.
बघते, म्हटलं.
रावेरला आमच्या घरी लेवा बोली बोलतात.
पुण्याच्या मुलाखतीला निघताना मी ती
बसस्टँडवर चपलेतला खडा झटकावा तशी झटकली होती,
आणि मुलाखत चांगली झाली होती.
ती ओळ खोडली नाही.
पिवळी केली फक्त.

लॉजवर येऊन चेहरा धुतला, फोन पाहिला, डोळे चोळले.
त्या काचेवर दिवसभर
सोळा बायकांची बोटं फिरली होती.
एक डोळा मिटून, दुसरा जेमतेम उघडा ठेवून
मी टाइप केलं: डोळ्यांची आग होते, काय करू

अग्निशमन दल.
अंतर आठशे मीटर. आत्ता सुरू.

जळजळ म्हणायचं असतं.
माझ्याच वहीत होतं, क्रमांक सातखाली,
पण वही वाचायला डोळे उघडत नव्हते.