टर

पाचवीत बाईंनी फळ्यावर लिहिलं,
'टर उडवणे', वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं : गावाने माझ्या बाबांची टर उडवली.
लाल शाईत उत्तर आलं, छान.

कोशात टर म्हणजे थट्टा, एवढंच.
कुठून आली, ते नाही.
मला ती ऐकू यायची
बुधवारच्या बाजारात, आमच्या मशीनपाशी,
बाबा मांजरपाट फाडत तेव्हा.
कात्री नुसती काठाला, बोटभर चीर,
मग दोन्ही हातांनी ओढ. टर्रर्र.
कापड सुताला धरून सरळ जाई.
"कापलेलं वाकडं जाते व बाई.
फाडलेल्याले त्याची वाट मालूम असते."

बाबांचं नाव उकंडा.
आधीची तीन गेली, म्हणून जन्मताच
उकिरड्यावर ठेवून उचललेले.
देवाला वाटावं, टाकाऊ आहे, राहू दे.

ते ग्रामपंचायतीला उभे राहिले.
निशाणी शिलाई मशीन.
अकरा मतं.
पाच घरातली. सहा कुणाची, आई अजून शोधते.
दुसऱ्या दिवशी पारावरून शालिकराव ढोक :
"काय बे उकंड्या, अकरा टाक्याईत गाव शिवतं काय?"
ती बोटभर चीर.
पुढचं गावानं नुसतं ओढलं.
पोट्टे दुकानासमोरून जाताना
तोंडानं टर्र करत.

मी वहीच्या मागच्या पानावर
शब्दाचे भाऊबंद गोळा केले :
टराटरा, टरकावणे, टरफल,
टरकणे म्हणजे फाटणे,
टरकणे म्हणजे घाबरणेसुद्धा.
टरबूज लिहून खोडलं,
ते बिचारं लांबून आलेलं.
नातं खरं की माझंच जुळवलेलं, कोण सांगणार.

मग पोळा. तोरणाखाली बैलजोड्या,
झडत्या रंगात आलेल्या,
आणि शालिकराव बैलाच्या पाया पडायला वाकले.
नवी टेरिकॉटची पँट.
सगळ्या गावानं ऐकलं.

संध्याकाळी मागल्या दारानं आले,
कमरेला दुपट्टा, पँट कागदात.
आई पदर तोंडात कोंबून चुलीपाशी.
मी दाराआड, एका शब्दाची वाट बघत.
एकच. बाबांकडे होता तो, मला ठाऊक होतं.

बाबांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं.
"तपकिरी चालंन?"
"चालते ना."
मशीनवर घेतली नाही, हातानंच शिवली,
कंदिलाकडे कलून, सावकाश.

अकरा टाके.
शालिकरावांनी मोजले नसतील.
मी मोजले.