चार मिनिटांचं उजाडणं

एकोणीस वर्षं मी ऊन विकलं
वार्डोच्या बंदराशी, मासळीच्या कारखान्याला लागून.
दोन खोल्या, तीन बिछाने.
वीस क्रोनरचं नाणं टाकलं
की चार मिनिटं उजाडायचं.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो इथून,
तो जानेवारीत परततो.
तेवढे दिवस माझ्या दारात रांग.
ओले बूट, लोकरी मोजे, कॉडचा वास.
झाकण ओढून घ्यायची माणसं
पेटीतल्या व्हायोलिनसारखी,
फटीतून जांभळा उजेड, नळ्यांची गुणगुण.
बाहेर येऊन म्हणायची,
तुरीड, बरं वाटलं गं.

मलाही बरं वाटायचं.
खोटं कशाला बोलू.

बेरित यायची गुरुवारी,
आठ तास बर्फातला मासा सोलून.
कानारीला जायच्या आधी थोडी रापून घेते,
म्हणजे तिथं पोळणार नाही, म्हणायची.
हे वाक्य तिला मीच दिलेलं.
मला कंपनीनं दिलेलं, चकचकीत कागदावर.
रापणं म्हणजे कातडीनं चिलखत घालणं नव्हे,
ती कातडीनं मारलेली हाक असते,
हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

खांद्याच्या पात्याखाली तीळ होता तिच्या.
तेल लावून देताना माझ्या बोटाखाली यायचा.
तीळ तीळ वाढणं म्हणतात, तसाच वाढला.
कडा कातरलेल्या,
इकडून काळा, तिकडून तांबूस.
मी म्हटलं, काय छान रंग चढलाय.

किर्केनेसला कापून काढला.
मग काखेतली गाठ.
मग ट्रॉम्सो, पुन्हा ट्रॉम्सो.
ती गेली तेव्हा जूनचा सूर्य
मध्यरात्री खिडकीत उभा होता,
पडदे ओढले तरी हटेना.

यातलं माझं ऊन किती, कानारीचं किती?
विचारलं मी डॉक्टरांना.
असं निवडून काढता येत नाही, म्हणाले.
भला माणूस.

बिछाने विकले नाहीत.
विकले असते तर कुणीतरी निजलंच असतं त्यांत.
नळ्या काढून दिल्या.
एक कवच वडिलांच्या नावघरात उताणं पडलंय,
त्यात जाळी ठेवते.

परवा ईडून आली. बेरितची.
नाताळच्या नाचाला पाठ उघडी टाकणारा झगा,
आणि तिची पाठ दुधासारखी.
अठरा पूर्ण झालीत, म्हणाली,
आता मला कुणी अडवू शकत नाही.
खरंच होतं.
मी म्हटलं, झगा काढ, उभी राहा.

आदल्या रात्री अंग घासायला सांगितलं होतं का कुणी?
नाही ना. मग घास आत्ता.
कोपरांना, गुडघ्यांना, घोट्यांना मलम लाव,
तिथं रंग अधाशासारखा बसतो.
ओठांवरही थोडं. डोळे मीट. श्वास धर.

मग फवारा,
डावीकडून उजवीकडे, सावकाश,
होडीला रंग देतात तसा.
गार लागला, किंचाळली, हसली.
करपलेल्या बिस्किटाचा वास येतोय, म्हणाली.
येतो, म्हटलं.
वरच्या मेलेल्या पापुद्र्यावरच चढतो हा,
आत शिरत नाही.
आठवड्यात उतरतो, ठिगळाठिगळांनी.
आणि ही ढाल नव्हे, ऐक,
मे महिन्यात बर्फावर गेलीस
तर क्रीम लावायचंच.

पाठीशी आले तेव्हा हात थांबला.
फवारा खाली ठेवून
दिवा जवळ ओढला, तीळ मोजले.
सात.
साती गोल, साती एकरंगी.
काय करतेयस? तिनं विचारलं.
काही नाही.
दर महिन्याला कुणाकडून तरी बघून घेत जा.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, तूच बघ.

आज सकाळी ओद्वारचा फोन.
बायको गेल्यापासून तो माझ्याशी
हवामानापलीकडे बोललेला नाही.
उशीवर पोरीचा अख्खा गाल उमटलाय, म्हणाला,
तपकिरी, कानासकट.
काय करू याचं?

गार पाण्यात भिजव, म्हटलं.
धुतलं की जातं.