बोळ्यासकट

मंगळवार बाजारात दस्तगीर शिकलगारानं
चाकू आधी कानाशी नेला. खटका ऐकला.
"स्प्रिंग अस्सल."
मग तापवलेली सुई मुठीला टेकवली,
केस जळल्याचा वास.
"शिंग आहे ओ, प्लास्टिक नव्हं."

छाप पुसलेली. एक काना उरलेला.
"घासून घासून पातं निम्मं केलंय. दीडशे.
नुसता ठेवला असता, तर हजार."

सांध्यातून टाचणीनं त्यानं काढला
लाल सुताचा बोळा, गंजानं कडक.

"वापरणारा डावरा होता.
बघा की, कुठल्या अंगानं झिजलाय."

घरी नरसय्या, माझा बाप,
जेवायचा, सही करायचा,
आम्हाला मारायचासुद्धा उजव्या हातानं.
गिरणीत तीस वर्षं, मागापाशी...

मी चाकू मिटला.
"एकशे ऐंशी," दस्तगीर म्हणाला,
"बोळ्यासकट."