जिन्यातला दिवा

एम्रिसच्या मुलीचा फोन आला:
बाबांच्या जिन्यातलं खालचं बटण उलटं चालतं,
बघून ये.

ब्लेनाऊ. दाराबाहेर पाटीच्या दगडाचे ओले ढीग.
आधी चहा घे, म्हणाला म्हातारा.

मी समजावलं: एका दिव्याला दोन बटणं असली
की उलट-सुलट काही नसतं,
दुसरं कुठं आहे त्यावर सगळं.
वर जाऊन एकदा खटका पाडा, झालं.

"वरचं नेस्टानं बंद केलंय.
मार्चमध्ये."

मेन बंद केला.
खालची पेटी उघडून
लाल तार होती तिथंच ठेवली,
पिवळी-निळी आपसांत बदलली.
वर गेलोच नाही.

आता खाली दाबलं की उजेड.
एम्रिसनं तीनदा करून पाहिलं.

मी निघताना दिवा मालवायला
सवयीनं त्यानं
खालीच दाबलं.
दिवा तसाच.

असू दे, म्हणाला.